कापसाच्या मुलखातून इंग्रजी वाङ्मय : प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी, कारंजा, आर्वी या तालुक्यांतून बी.ए. होणाऱ्या मुलामुलींपुढे पदवीनंतर जे रस्ते असतात, त्यांतला सर्वांत कमी समजून घेतलेला रस्ता म्हणजे इंग्रजी वाङ्मयातले एम.ए. मराठी, राज्यशास्त्र, समाजशास्त्र घेणाऱ्याला घरी कुणी फारसे विचारत नाही. इंग्रजी म्हटले की शेजारीपाजारी आदराने पाहू लागतात आणि विद्यार्थी मनातून धास्तावतो. शेजाऱ्यांना वाटते, पोरगी आता फाडफाड इंग्रजी बोलणार. पोरीला वाटते, माझे मराठी माध्यमातले इंग्रजी या विषयाला पुरणार नाही. दोघांचीही समजूत एकच असते, की हा इंग्रजी भाषेचा मोठा क्लास आहे.

हा वाङ्मयाचा अभ्यास आहे. चॉसरपासून आजच्या भारतीय, आफ्रिकी, अमेरिकी लेखकांपर्यंतच्या कविता, नाटके, कादंबऱ्या वाचायच्या, त्या ज्या समाजात जन्मल्या तो समाज समजून घ्यायचा आणि चांगले वाचन म्हणजे काय यावर गेल्या शंभर-दीडशे वर्षांत जे वाद झाले ते पारखून स्वतःचे मत बनवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. त्याला भाषा लागते हे खरे. पण ती वाचत वाचत येते, आणि ज्याने आधी एका भाषेत मन लावून वाचले आहे त्याला लवकर येते. तुकोबांचे अभंग ज्याच्या कानात आहेत, त्याला जॉन डनची ईश्वराशी भांडणारी कविता परकी वाटायचे कारण नाही. या पुस्तकातले सगळे लेख या विश्वासातून लिहिले गेले आहेत, म्हणून तो आधीच सांगून टाकला.

या विषयाचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. विद्यार्थ्यांची अशी कल्पना असते, की हा अभ्यास इंग्लंडात जुन्या काळापासून चालत आला आणि मग इकडे पोचला. वास्तविक इंग्रजीचा पहिला प्राध्यापक लंडनला १८२८ मध्ये नेमला गेला. ऑक्सफर्डने इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र पदवी-परीक्षा सुरू केली ती १८९४ मध्ये, आणि केंब्रिजने तशी परीक्षा उभी केली ती १९१७ मध्ये. तोवर त्या विद्यापीठांत ग्रीक आणि लॅटिन हेच खरे वाङ्मय होते. इंग्रजी कविता माणसाने घरी वाचावी, तिची परीक्षा कसली घ्यायची, असा तिथल्या पंडितांचा भाव होता. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांनी शेक्सपिअरला परीक्षेत बसवण्याच्या कितीतरी आधी मुंबई-पुण्याची मुले शेक्सपिअरवर आणि मिल्टनवर उत्तरे लिहीत होती. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांना शिकवणाऱ्यांत कवी वर्ड्‌स्वर्थ यांचे नातू होते, त्यांचेही नाव विल्यम वर्ड्‌स्वर्थच.

हे असे का झाले, याचे उत्तर गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ या ग्रंथात शोधले. कंपनी सरकारला एतद्देशीयांच्या धर्मात उघड हात घालायचा नव्हता, पण त्यांची मने तर वळवायची होती. ते काम इंग्रजी काव्याकडे सोपवले गेले, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र. मला ते पटते. पण अर्धेच पटते. सरकारने कोणत्या हेतूने पुस्तक हाती दिले ही एक गोष्ट झाली आणि वाचणाऱ्याने त्याचे काय केले ही दुसरी. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले, आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘झुंजारराव’मधून तोच ऑथेल्लो मराठी रंगभूमीवर उभा केला. ही राज्यकर्त्यांच्या योजनेची फळे मानायची, की मराठी वाचकाने स्वतःच्या गरजेपोटी केलेली निवड? या पुस्तकाचे लेखक दुसऱ्या बाजूला झुकतात, आणि मीही.

विदर्भात हा प्रवाह थोडा उशिरा पोचला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे. परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठाच्या, नंतर अलाहाबादच्या. १९२३ मध्ये नागपूरचे स्वतःचे विद्यापीठ झाले, तेव्हा कुठे वऱ्हाड-मध्यप्रांतातल्या मुलांना आपल्या मुलखाच्या विद्यापीठात एम.ए. करता येऊ लागले. या विद्यापीठाच्या आरंभकाळात घडलेल्या एका व्यक्तीवर इथे थांबायला हवे, कारण आष्टीहून हा विषय घेणाऱ्या प्रत्येक मुलीला तिचे नाव ठाऊक असले पाहिजे.

कुसुमावती देशपांडे १९०४ मध्ये अमरावतीला जन्मल्या. नागपुरात पदवी घेऊन त्या लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकायला गेल्या आणि १९३१ पासून नागपुरात इंग्रजी शिकवू लागल्या. कवी अनिल हे त्यांचे पती. दोघांचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकरूपात आला. रोजचे काम इंग्रजी शिकवण्याचे आणि लेखन मराठीत, असे त्यांचे आयुष्य. ‘दीपकळी’तल्या कथा वाचल्या तर दिसते, की कथानकाची गाठ घट्ट बांधण्यापेक्षा एखाद्या मनःस्थितीभोवती कथा विणायची ही रीत त्यांनी मराठीत किती सहज रुजवली. त्याहून मोलाचे मला वाटते ते ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हे १९५३ चे पुस्तक. इंग्रजी कादंबरीच्या अभ्यासातून आलेली शिस्त त्यांनी मराठी कादंबरीला लावली, पण इंग्रजी कादंबरीच्या मापाने मराठीला खुजे ठरवले नाही. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. अमरावती आष्टीपासून फार दूर नाही, वर्धा नदी ओलांडली की त्यांचाच जिल्हा लागतो. इंग्रजीच्या एम.ए.ला कोण जाते आणि तिथून काय घेऊन परत येते, असे कुणी विचारले तर मी पहिल्यांदा त्यांचे नाव सांगतो.

दुसरे नाव म. ना. वानखेडे यांचे. विदर्भातून गेलेले, इंग्रजीचे प्राध्यापक, अमेरिकेत शिकून आलेले आणि नंतर औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांचे वाङ्मय त्यांनी १९६० च्या दशकात इथल्या तरुण दलित लेखकांपुढे ठेवले. त्या भूमीवर जी चर्चा आणि जी नियतकालिके उभी राहिली त्यांनी मराठी वाङ्मयाचा नकाशा बदलला. इंग्रजी विभागातल्या एका माणसाचे वाचन दुसऱ्या भाषेच्या वाङ्मयाला इतके उपयोगी पडल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडीच असतील. विंदा करंदीकर, जी. ए. कुलकर्णी, भालचंद्र नेमाडे, विलास सारंग, गौरी देशपांडे हे सगळे इंग्रजी शिकवत होते, हेही आठवण्यासारखे आहे. विंदांनी ‘किंग लिअर’ मराठीत आणला, आणि नेमाडे इंग्रजीच्या वर्गातूनच देशीवादाकडे गेले.

आता वर्धा जिल्ह्याचा स्वतःचा प्रश्न. हा गांधी-विनोबांचा जिल्हा. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात जी शिक्षण परिषद भरली तिने मातृभाषेतून, हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे अशी मागणी केली. नयी तालीम तिथून निघाली. आष्टीचे नाव तर ‘आष्टी शहीद’ असेच घेतले जाते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी इथले लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. त्याच दिवशी चिमूरही पेटले. दोन्ही गावांत लोकांची मने तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापली होती आणि त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. म्हणजे आष्टीची मुलगी इंग्रजीची जी पदवी घेते तिच्यावर ग्रामगीता लिहिणाऱ्याचे नाव छापलेले असते. मला यात विसंगती दिसत नाही. ज्या गावाने इंग्रजांच्या ठाण्यावर चाल केली, त्या गावाने इंग्रजांचे वाङ्मय ताठ मानेने वाचावे, हेच योग्य आहे.

सेवाग्रामचीही गोष्ट तशीच आहे. गांधीजींनी १९०४ मध्ये आफ्रिकेतल्या रेल्वेप्रवासात रस्किनचे ‘अनटू धिस लास्ट’ वाचले आणि चार वर्षांनी ते ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत उतरवले. रस्किन एम.ए.च्या विद्यार्थ्याला व्हिक्टोरियन गद्याच्या पेपरात भेटतो, पुष्कळदा चार ओळींच्या टिपणाइतकाच. त्याचे एक पुस्तक एका वाचकाने मनावर घेतले म्हणून आपल्याच जिल्ह्यात आश्रम उभे राहिले, हे त्या टिपणात नसते. मार्जरी साइक्स यांचेही नाव कुठे येत नाही. केंब्रिजला इंग्रजी वाङ्मयात पहिला वर्ग मिळवलेली ही बाई १९२८ मध्ये मद्रासला शिक्षिका म्हणून आली, शांतिनिकेतनात राहिली आणि १९४९ पासून दहा वर्षे सेवाग्रामला नयी तालीमचे शिक्षक घडवत राहिली. रवींद्रनाथांचे लेखन तिने इंग्रजीत नेले. इंग्रजीचा अभ्यास आणि सूतकताई एका आयुष्यात बसत होती, ती याच जिल्ह्यात.

विषयातल्या विचारपंथांची ओळख करून देण्याचे काम या पुस्तकाने अंगावर घेतले आहे आणि विद्यार्थी सर्वांत जास्त भितात ते यालाच. ‘थिअरीचा पेपर’ म्हटले की अनेकांच्या पोटात गोळा येतो. त्यासाठी नुसता ढोबळ नकाशा इथे देतो. सुरुवातीचे अभ्यासक वाङ्मय म्हणजे भाषेचा आणि काळाचा इतिहास मानत. कोणता शब्द कुठून आला, कवी कुठे जन्मला, कोणत्या राजाच्या काळात लिहिले. या पद्धतीला आज नाके मुरडली जातात, पण काळाचे भान नसलेला वाचक अंधारात चाचपडतो. आष्टीत मुहम्मदखान नियाझी या नवाबाचा मकबरा आहे. जहांगीर बादशहाकडून त्याला इथली जहागीर मिळाली होती. शेक्सपिअरची शेवटची नाटके लंडनला रंगत होती तीही जहांगिराच्याच अमलातली वर्षे, हे एकदा लक्षात आले की ‘जेकोबियन’ हे प्रकरण पाठ करावे लागत नाही.

मग १९२० च्या दशकात केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्‌स यांनी एक साधा प्रयोग केला. कवीचे नाव आणि साल काढून टाकून नुसत्या कविता विद्यार्थ्यांना दिल्या आणि मते लिहून मागितली. हुशार मुलांनीही मोठ्या कवींना टाकाऊ ठरवले आणि सामान्य कवींची वाहवा केली. १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये हे सगळे आहे. केंब्रिजच्याच लीव्हिस यांनी याच धारेतून ‘स्क्रूटिनी’ हे नियतकालिक चालवले आणि कोणते कादंबरीकार थोर, याची कडक निवड केली. अमेरिकेत नवसमीक्षा आली. तिने संहितेबाहेर पाहायचेच नाही असे ठरवले. मराठीत मर्ढेकरांनी सौंदर्याचे शास्त्र मांडताना आणि नंतर रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त या वादांना स्वतंत्र उत्तरे दिली, आणि दोघेही इंग्रजी शिकवणारेच होते. थिअरीचा पेपर ज्यांना अवघड जातो त्यांनी आधी हे मराठी ग्रंथ चाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९६० नंतर सगळेच उलटसुलट झाले. संरचनावाद, त्यामागून विरचना, मग स्त्रीवाद, मार्क्सवादाची नवी रूपे. एडवर्ड सैद यांचे ‘ओरिएंटॅलिझम’ १९७८ चे. त्यानंतर वसाहतवादाच्या चष्म्यातून इंग्रजी वाङ्मय तपासणारी एक पिढीच पुढे आली. तिच्यात मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले होमी भाभा आहेत, गायत्री स्पिवाक आहेत. १९९२ मध्ये गणेश देवी यांनी ‘आफ्टर ॲम्नेशिया’त विचारले, की पश्चिमेकडून सिद्धान्त आणताना आपण आपलीच भाषिक परंपरा विसरून गेलो आहोत का. देवी भोरचे, शिकले कोल्हापूरला. जगभरच्या वर्गांत आज ज्या चर्चा चालतात त्यांतल्या पुष्कळ इथल्या मातीतल्या माणसांनी पुढे नेल्या आहेत, आणि तरी आमच्या विद्यार्थ्याला वाटते की थिअरी दुसऱ्या कुणाची तरी आहे.

या पंथांपैकी खरा कोणता, असे मुले विचारतात. मी त्यांना एक उदाहरण देतो. एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘नॉर्थ अँड साउथ’ ही १८५५ ची कादंबरी कापडगिरण्यांच्या शहरात घडते. मालक, संप, कामगारांच्या फुप्फुसांत जाणारा कापसाचा भुरका. पुस्तक आल्यावर सहाच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना आणि तिथल्या व्यापाऱ्यांचे डोळे वऱ्हाड आणि वर्धेच्या खोऱ्याकडे वळले. हिंगणघाटचा कापूस नावाजला गेला. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा वेगळा काढला गेला तो याच काळात, आणि रेल्वेही त्याच दशकात आली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. आता ही कादंबरी वर्ध्याच्या विद्यार्थिनीने हाती घेतली, तर इंग्लंडच्या विद्यार्थिनीला न सुचणारा प्रश्न तिला सुचेल : या गिरणीत येणारा कापूस कुणी पिकवला, आणि त्याचे नाव या चारशे पानांत कुठे आहे? इतिहास, वर्ग, साम्राज्य, स्त्री, सगळे सिद्धान्त त्या एका प्रश्नाला हातभार लावतात. प्रश्न मात्र तिचा स्वतःचा असायला हवा.

हार्डीची ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ तर मला आर्वीच्या बाजारसमितीत बसून वाचावी अशी वाटते. पाऊस कसा पडेल यावर पैज लावून तिचा नायक हेन्चर्ड धान्य भरून ठेवतो, उघडीप होते, तो घाबरून तोट्यात विकून टाकतो आणि लगेच आभाळ फिरते. भाव आणि आभाळ यांच्यामध्ये सापडलेला माणूस समजायला सोयाबीन आणि संत्र्याच्या पट्ट्यातल्या मुलाला तळटीप लागत नाही. चिनुआ अचेबेच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मधली गावपंचायत, पेरणी आणि पाहुणचारही तसाच ओळखीचा निघतो.

हे सगळे आजच का सांगायचे? एक कारण अभ्यासक्रमाचे आहे. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.ची रचना बदलली. चार सत्रे, ८८ श्रेयांक, पहिल्याच सत्रात संशोधनपद्धती, पुढे इंटर्नशिप किंवा क्षेत्रप्रकल्प आणि शेवटी स्वतःचा संशोधन प्रकल्प. प्रकल्प लिहायचा तर स्वतःचा प्रश्न लागतो. तो बाजारातल्या गाईडात मिळत नाही. दुसरे कारण नेट-सेटचे. २०१२ च्या आधी नेटमध्ये वर्णनात्मक उत्तरे लिहावी लागत. आता दोन पेपर मिळून १५० प्रश्न, तेही बहुपर्यायी. त्याचा परिणाम वर्गात दिसतो. कोणती कादंबरी कोणत्या साली आली हे मुलांना पाठ असते आणि कादंबरी उघडलेली नसते. परीक्षेची तयारी करावीच, नोकरी त्याच्यावर अवलंबून आहे. पण दोन वर्षे फक्त तेच केले तर एम.ए.चे एम.ए.पण उरत नाही.

तिसरे कारण सर्वांत नवे. मोबाइलवर विचारले की कोणत्याही नाटकाचा सारांश, पात्रांची ओळख, नमुना उत्तर क्षणात मिळते. झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सची जागा त्याने घेतली आहे. मी याकडे संकट म्हणून पाहत नाही. तयार उत्तर जेव्हा फुकट आणि सर्वांना सारखे मिळते, तेव्हा त्याची किंमतही संपते. आता वेगळेपण राहते ते मूळ संहिता स्वतः वाचणाऱ्यात आणि तिच्यातली एखादी ओळ आपल्या अनुभवाशी ताडून पाहणाऱ्यात.

नोकरीबद्दल गोड बोलणे मला जमणार नाही. प्राध्यापकांच्या कायम जागा कमी निघतात, आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे नेट-सेटधारक प्रत्येक तालुक्यात आहेत. पण शाळांना इंग्रजीचे शिक्षक लागतात, अनुवादाचे काम वाढते आहे, न्यायालयीन आणि सरकारी कागदपत्रांना दोन्ही भाषा नीट जाणणारी माणसे हवी आहेत, आणि मराठीतले उत्तम वाङ्मय इंग्रजीत नेणारे हात अजून फारच कमी आहेत. या शेवटच्या कामाकडे विदर्भातल्या विद्यार्थ्यांनी वळावे, अशी माझी कळकळ आहे. ज्याला दोन्ही भाषांतले वाङ्मय मनापासून भावते, त्यालाच ते काम जमते.

या पुस्तकातले लेख मराठीत आहेत, याबद्दल कुणी आक्षेप घेईल. इंग्रजी मराठीतून शिकवायचे का? तसे नाही. परीक्षा इंग्रजीत द्यायची आहे आणि ग्रंथही इंग्रजीतच वाचायचे आहेत. पण एखादी कल्पना पहिल्यांदा कळते ती ज्या भाषेत आपण विचार करतो त्या भाषेत. लेखकांनी प्रत्येक काळाची, प्रत्येक पंथाची ओळख आधी मराठीत करून दिली आहे, मराठीतली समांतर उदाहरणे घेतली आहेत आणि मग वाचकाला मूळ इंग्रजी पानाकडे पाठवले आहे. कोणत्याही कलाकृतीचा सारांश मुद्दाम दिलेला नाही. प्रश्नोत्तरेही नाहीत. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री हे पुस्तक उपयोगी पडणार नाही. पहिल्या सत्राच्या सुरुवातीला पडेल.

लेख क्रमाने वाचायलाच हवेत असेही नाही. थिअरीला भिणाऱ्यांनी कादंबरीवरच्या लेखापासून सुरुवात करावी. बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय नसलेल्यांनी, किंवा इग्नूमधून घरी बसून एम.ए. करणाऱ्यांनी, काळाच्या इतिहासाचा भाग आधी घ्यावा. आणि कोणताही लेख वाचण्यापूर्वी त्यात चर्चिलेले एक तरी पुस्तक हाती असावे. हार्डी, गॅस्केल, रस्किन यांच्या हक्कमुदत संपलेल्या आवृत्त्या मोबाइलवरही मोफत वाचता येतात, त्यामुळे आष्टीत पुस्तकाचे दुकान नाही ही अडचण आता राहिलेली नाही. ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ आधी उतरवून घ्यावी. तिचे पहिले प्रकरण जत्रेच्या तंबूत घडते, ते एका बैठकीत वाचून होते, आणि कादंबरीवरचा लेख तिथूनच सुरू होतो.